बर्फावरची सहल : नियोजन कसे करावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे. त्याला कारण घडले ते आधी सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या गट ऑफिसात एक जुने सभासद आले. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आपण त्यांना नुसते आबा म्हणू. आबांची लेक आणि जावई नोकरीनिमित्त कॅनडात, मॉन्ट्रियल शहरी असतात. येत्या फेब्रुवारीत आबा आणि काकूंनी तिकडे यावे व सर्वांनी मिळून पाच दिवस स्नोमोबाईलवरून, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीवरून, क्वेबेक प्रांतातील सागने आणि लाक सें-जाँ हा मुलूख पाहावा, असा मुलांचा बेत आहे. जावयाने धाडलेला कागद आमच्या टेबलावर ठेवून आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही अख्ख्या गटाचा तोडणी कार्यक्रम लावता. आमचा हा पाच दिवसांचा कार्यक्रम तेवढा तपासून द्या. जावईबापू हुशार आहेत, पण मला त्या बर्फातले काही उमगत नाही. आणि तेवढ्यात माझी तोड आली तर काय करायचे, तेही सांगा."

आम्ही स्वतः तिकडे गेलेलो नाही, हे कबूल करतो. पण जावईबापूंनी नकाशे धाडले, तिथल्या नियमांची माहिती धाडली, चार वेळा फोनवर बोलणे झाले. त्यातून जे समजले ते येथे देत आहोत. आपल्या भागातील बरीच मुले आज परदेशी आहेत. आज आबांवर आलेली पाळी उद्या दुसऱ्या कुणावर येईल.

ही गाडी आली कुठून?

क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाचे गाव आहे. तेथे १९०७ साली जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. पुढे ते गावातच मोटारदुरुस्तीचा धंदा करू लागले. त्या काळी हिवाळ्यात खेड्यांचे रस्ते बर्फाने बंद होत आणि मोटारी महिनोन्महिने घरात पडून राहत. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ता बंद असल्यामुळे त्याला दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल दगावले.

बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग बोंबार्दिए आधीपासूनच करीत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी रबरी पट्टा आणि तो फिरवणारे दातेरी चाक तयार केले. त्यातून सात माणसांची आणि पुढे बारा माणसांची बर्फगाडी निघाली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांची ने-आण त्या गाड्यांतून होऊ लागली. १९५९ साली एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आली. आजची स्नोमोबाईल ती हीच. पुढे दोन पट्ट्या घसरतात, मागे रुंद रबरी पट्टा फिरतो, उजव्या अंगठ्याने वेग वाढतो आणि डाव्या हाताने ब्रेक लागतो. वजन अडीचशे ते साडेतीनशे किलो.

आबांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मौजेची गाडी नव्हती तर." खरेच आहे. गरजेपोटी निघालेले हे यंत्र मौजेला लागले ते नंतर. म्हणूनच त्यावर बसताना थोडा आब राखलेला बरा.

वाट कुणाच्या रानातून जाते?

आपल्या सभासदांना सर्वांत जवळची वाटेल अशी बाब ही आहे. क्वेबेकमध्ये स्नोमोबाईलसाठी आखलेल्या वाटांचे जाळे ३० हजार किलोमीटरहून मोठे आहे. हे जाळे गावोगावच्या सुमारे दोनशे क्लबांनी उभे केले असून त्यांचा संघ १९७४ साली स्थापन झाला. बरेचसे काम स्वयंसेवक करतात. वाटेवर खुणा रोवणे, पूल दुरुस्त करणे, रात्री मोठे पट्टेवाले यंत्र फिरवून बर्फ दाबून सपाट करणे, अशी ही कामे असतात. वाटेवर गाडी घालणाऱ्याने परवान्याचे पैसे भरायचे आणि त्यातून हा खर्च चालायचा.

या वाटा सरकारी जंगलातून जातात तशा शेतकऱ्यांच्या खाजगी रानांतूनही जातात. शेतकरी बहुधा काही मोबदला न घेता हिवाळ्यापुरती परवानगी देतो. एकाने नाही म्हटले की वाट तिथे तुटते आणि क्लबला वळसा शोधावा लागतो. शिवारातला गाडीरस्ता एका बांधावर अडला की पलीकडच्या दहा जणांचा ऊस कसा अडकतो, हे आपल्याला सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, बर्फाखाली झाकलेल्या रानाचे नुकसान ते काय होणार? नुकसान होते. भुसभुशीत बर्फ हे जमिनीवरचे पांघरूण आहे. बाहेर उणे २५ अंश असले तरी जाड, मोकळ्या बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास राहते आणि लसूणघासाचे खोड जगते. गाडीने बर्फ दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि थंडी सरळ मुळाशी पोहोचते. वसंतात नेमक्या त्याच पट्ट्यात घास मेलेला दिसतो. आपण पाचट ठेवून ओल राखतो, तसे ते बर्फ ठेवून ऊब राखतात. म्हणून पहिला नियम असा, की खुणेची वाट सोडून कुणाच्या रानात गाडी घालायची नाही.

आवाजाचेही तसेच आहे. मॉन्ट्रियलच्या उत्तरेस जुन्या रेल्वेमार्गावरून जाणाऱ्या अशाच एका वाटेविरुद्ध तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि २००४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर त्या मार्गाच्या काही भागावर स्नोमोबाईल बंद झाल्या. वस्तीजवळ वेग कमी ठेवायचा तो केवळ दंडाच्या भीतीने ठेवायचा नाही. वाट टिकवायची असेल तर तो ठेवावाच लागतो.

आधी उजेड मोजा

आता जावईबापूंचा कागद. पहिल्या दिवशी २८० किलोमीटर आणि निघायची वेळ सकाळी साडेनऊ. आखलेल्या वाटेवर वेगाची मर्यादा साधारणपणे ताशी ७० किलोमीटर असते, म्हणून त्यांनी चार तासांत पोहोचू असा हिशेब मांडला होता.

आम्ही तोडणी वाहतुकीत आयुष्य घालवले आहे. ट्रकचा वेग आणि ट्रकची खेप यांतला फरक आम्हाला विचारा! वळणे आली, चढ आले, पेट्रोल आले, हात शेकणे आले, मागच्यासाठी थांबणे आले. हे सगळे धरले तर नवख्या मंडळींची सरासरी ताशी ३५ किलोमीटरच्या वर धरू नये. २८० ला ३५ ने भागा. आठ तास झाले. त्यात जेवणाचा एक तास मिळवा. साडेनऊला निघालेली मंडळी साडेसहाला पोहोचतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा दीड-पावणेदोन तास अंधारात, दमलेल्या अंगाने आणि घसरत्या पाऱ्यात काढायचा.

म्हणून हिशेब उलटा लावावा. मुक्कामी पोहोचायची वेळ दुपारी साडेतीन ठरवावी आणि तेथून मागे मोजत यावे. सकाळी नऊला निघाले आणि जेवणाचा एक तास वजा केला, तर हातात साडेपाच तास राहतात. त्यात नवख्याने दिवसाला १२० ते १५० किलोमीटर धरावेत. पहिल्या दिवशी तर ८०-९० पुरे.

बर्फाखाली पाणी आहे

कागदावर दुसरी एक गोष्ट आम्हाला खटकली. शेवटच्या टप्प्यात वेळ वाचवण्यासाठी लाक सें-जाँ या तलावावरून पेन्सिलीने सरळ रेघ ओढली होती. तलाव हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. भोवतालचा सायकलमार्गच २५६ किलोमीटरचा आहे. तेव्हा गोठलेल्या पाण्यावरून आडवे जावे, असा मोह कुणालाही होईल.

२१ जानेवारी २०२० रोजी संध्याकाळी याच तलावावर आठ फ्रेंच प्रवासी आणि एक वाटाड्या असे नऊ जण निघाले होते. तलावाचे पाणी जिथे नदीत उतरते त्या तोंडाजवळ, खुणेच्या वाटेबाहेर, बर्फ फुटला. तिघे वाचले. वाटाड्यासह सहा जण गेले. पाण्याखाली गेलेल्या प्रवाशांचा शोध पुढे कित्येक दिवस चालला.

कारण समजून घेतले पाहिजे. साचलेल्या पाण्यावर बर्फ जाड धरतो, पण जिथे पाणी ओढते तिथे प्रवाह त्याला खालून खात असतो. वरून दोन्ही जागा सारख्याच पांढऱ्या दिसतात, आणि अंधारात तर काहीच कळत नाही. कॅनडातील रेड क्रॉसचा सल्ला असा आहे, की एकट्याने चालायचे तर बर्फ १५ सेंटिमीटर आणि स्नोमोबाईल न्यायची तर २५ सेंटिमीटर जाड हवा. रंगही पाहावा लागतो. निळसर पारदर्शक बर्फ भक्कम असतो, पांढरा दुधी त्याच्या निम्म्या ताकदीचा असतो आणि करडा बर्फ म्हणजे आत पाणी आहे असे समजावे. पण प्रवाशाने स्वतः मोजायच्या भानगडीत पडू नये. क्लबने तपासून जेवढ्या जागी खुणा रोवल्या आहेत तेवढ्याच जागेवरून जावे, तेही ती वाट त्या दिवशी खुली आहे याची सकाळी खात्री करून.

आम्ही हे फोनवर सांगितले तेव्हा जावईबापू म्हणाले, "त्या अपघाताचं ऐकलं होतं, पण तो नेमका याच बाजूला झाला हे ध्यानात आलं नव्हतं." त्यांनी ती रेघ खोडली. आमच्या मते सगळ्या नियोजनातले मोलाचे काम हेच झाले.

अलीकडे हिवाळेही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडातील नोंदींत सर्वांत उबदार ठरला. त्यामुळे गेल्या वर्षी इथून गेलो होतो, हे कारण पुरेसे धरू नये.

थंडी, कपडे आणि पेट्रोल

तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत उणे २० ही नेहमीची बाब आहे. त्यात गाडी ताशी ६० ने चालली की उघड्या कातडीला ती थंडी उणे ३६ इतकी बोचते आणि काही मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. नाक, गाल, कान पांढरे पडून बधिर झाले की तेथेच थांबावे. चोळू नये, हाताच्या उबेने शेकावे.

अंगाला लागून सुती कपडा नको. सुताला घाम लागला की तो वाळत नाही आणि अंग गार पडते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घट्ट कपडा, वर उबदार थर आणि त्यावर वारा अडवणारा सूट असे तीन थर हवेत. सूट, बूट, हेल्मेट गाडीबरोबर भाड्याने मिळतात. मफलरचे टोक लोंबते ठेवू नये, फिरत्या भागात अडकते. काकूंनी लुगड्याचा हट्ट मुक्कामापुरता ठेवावा, ही आमची नम्र सूचना. त्यांनी ती हसत मान्य केली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. मधुमेहाचे इन्सुलिन गोठू देऊ नये, गोठलेले निकामी होते. मोबाईलची बॅटरी थंडीने झटकन उतरते आणि डोंगरात पुष्कळ ठिकाणी रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा जवळ हवाच.

दोन माणसे बसली की गाडीला शंभर किलोमीटरला १५ ते २० लिटर पेट्रोल धरावे. टाकी साधारण ४० लिटरची असते. निम्मी टाकी झाली आणि पंप दिसला की भरून घ्यावी, पुढचा पंप बंदही असू शकतो. पट्ट्याला ताकद देणारा एक जादा बेल्ट, दोर, बॅटरी, आगपेटी आणि खाऊ बरोबर असू द्या. वाटेवर क्लबांची शेकोटीची विश्रांतिघरे लागतात, ती नकाशावर आधीच खूण करून ठेवावीत.

रांगेने चालणे

सर्वांत अनुभवी वाटाड्या पुढे, त्याच्या मागे सर्वांत नवखा आणि दुसरा जाणकार सर्वांत शेवटी, अशी रांग लावतात. प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचे, मगच वळायचे. बैलगाड्यांची रांग रात्री कारखान्याकडे निघते तेव्हा आपले गाडीवान हेच करतात. आखलेल्या वाटेवर उजव्या बाजूने राहायचे. समोरून बर्फ सपाट करणारे मोठे यंत्र आले तर बाजूला थांबून त्याला वाट द्यायची. मूस नावाचे प्रचंड हरीण वाटेवर उभे राहिले तर इंजिनचा आवाज करून त्याच्या मागे लागायचे नाही, ते आपणहून जाईपर्यंत थांबायचे. वाट सोडून गाडी मऊ बर्फात गेली तर माणूस कमरेएवढा रुततो आणि गाडी काढताना छाती भरून येते. ओल्या रानात रुतलेला ट्रॅक्टर ज्यांनी काढला आहे त्यांना हे लगेच कळेल.

दारू पिऊन स्नोमोबाईल चालवणे हा कॅनडात मोटार चालवण्याइतकाच गुन्हा आहे. "आमच्यात कुणी घेत नाही," असे आबांनी ठासून सांगितले. आम्ही नोंद घेतली!

सुधारलेला कार्यक्रम

सगळ्यांच्या विचाराने शेवटी असे ठरले :

पहिला दिवस : मॉन्ट्रियलहून मोटारीने सागने. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी बर्फगाडी नाही. मुक्कामी गाडीची ओळख आणि कपडे मापून घेणे.

दुसरा दिवस : वाटाड्यासह सरावाची छोटी फेरी आणि ला बे येथे मुक्काम. तेथे गोठलेल्या खाडीवर मासेमारीच्या लाकडी खोल्यांचे गावच वसते. डोंगराच्या कडांमधून गेलेली ही सागनेची खाडी शंभर किलोमीटरहून लांब आहे.

तिसरा दिवस : मों-व्हालँ डोंगराची बाजू. हजार मीटरच्या आसपास उंचीच्या या डोंगरात बर्फ इतका पडतो, की झाडे पांढऱ्या बुरख्यातल्या माणसांसारखी दिसतात. तिथल्या एका दरीला भुतांची दरी असे नाव आहे. ती दरी बर्फगाडीने पाहायची नसते. उद्यानाच्या वाहनाने वर जाऊन पायी पाहायची असते.

चौथा दिवस : खुणेच्या वाटेने, किनाऱ्या-किनाऱ्याने तलावाच्या दक्षिण बाजूला. वाटेत व्हाल-जालबेर हे जुने गाव. १९०१ साली धबधब्याच्या आधाराने तेथे लाकडाच्या लगद्याची गिरणी निघाली आणि तिच्या भोवती गाव वसले. १९२७ साली गिरणी बंद पडली आणि गाव ओस झाले. घरे आज पाहायला ठेवली आहेत. ही जागा आम्ही मुद्दाम सुचवली. कारखान्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसांनी ती एकदा तरी पाहावी.

पाचवा दिवस : परत सागने, गाडी जमा. हवा बिघडली तर मधला कोणताही दिवस गाळून मुक्कामीच राहायचे. त्यासाठी सहावा दिवस मोकळा ठेवला आहे.

आबा आणि काकू स्वतः चालवणार नाहीत, मागच्या सीटवर बसतील. चालवणाऱ्याजवळ वाहन परवाना हवा. भारतातून जाणाऱ्याने आपल्या आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्यावा. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत असले साहस वगळलेले असते, तेव्हा बारीक अक्षरे वाचून, स्नोमोबाईलचा उल्लेख लेखी घेऊनच पैसे भरावेत. गाडी भाड्याने घेताना मोडतोडीची भरपाई किती द्यावी लागेल, हेही आधी विचारावे.

आता साखरेची एक गोष्ट. याच प्रांतात मेपल झाडाच्या रसापासून पाक करतात आणि जगातील मेपल पाकापैकी सुमारे ७० टक्के पाक तेथे होतो. रसात साखर जेमतेम दोन टक्के. ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. उत्पादकांची सहकारी संस्थाही तेथे १९२५ पासून आहे. मात्र हा हंगाम मार्च-एप्रिलचा. फेब्रुवारीत आबांना झाडांना जोडलेल्या नळ्याच दिसतील. परत आल्यावर त्यांनी तिथल्या दराची चौकशी सांगावी, एवढे आम्ही त्यांना बजावले आहे.

राहता राहिली तोड. आबांचा आडसाली ऊस डिसेंबरातच जाईल. खोडव्याची पाळी फेब्रुवारीत येते. "मग धाकट्याला सांगून ठेवतो," आबा म्हणाले, "पण साहेब, पाळी चुकवू नका." पाळी चुकणार नाही, असा शब्द आम्ही दिला आहे. त्याच्या बदल्यात एक शब्द आम्हीही घेतला. तलावाच्या काठाने जाताना कुणीही, अगदी जावईबापूंनी जरी म्हटले की इथून सरळ गेले तर अर्धा तास वाचेल, तर आबांनी मागच्या सीटवरून उतरून उभे राहायचे.

आबांनी तसा शब्द दिला आहे. ते परत आले की सहलीची हकीगत त्यांच्याच तोंडून ऐकून याच पानावर देऊ.

कळावे.

– ऊस विकास अधिकारी